पान उलटताना सुटलेला ‘नाही’

माझी मावशी कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलायला लागला की तिची पेन्सिल वहीवर रेघा आणि टिंबं उडवत सुटायची, आणि तासाभरात तेच सगळं स्वच्छ टाइप होऊन न्यायाधीशांच्या टेबलावर हजर. त्या वेगापायी वकील तिला ‘फवारा’ म्हणायचे. सव्वीस वर्षांत तिची चूक कुणी काढली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला, कोर्टाच्या कागदांच्या नकला मिळतात त्या खिडकीपाशी एक बाई मुख्य कारकुनाशी भांडत होती. तिचा नवरा एका गोदामाचा रखवालदार. गोदाम जळालं, आग त्यानंच लावली असं ठरलं, आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. चौदा महिने तो आत होता. अडीच वाजता समोरच्या इमारतीत, वरच्या कोर्टात, त्याचं अपील होतं.

“गोदामासमोरच्या इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, हा आत जाताना दिसला नाही!” ती ओरडत होती. “मी पुढच्याच बाकावर होते. माझे कान काय गहाण पडलेत?”

“कागदावर ‘दिसला’ आहे,” कारकून म्हणाला. “कोर्ट कागद बघतं, कान नाही.”

मावशी मागून येत होती. तिनं ऐकलं आणि तिचं डोकंच सटकलं. तो कागद तिचा होता!

“थांबा हो दोघं,” ती म्हणाली. “माझी वही काढते. आत्ता सोक्षमोक्ष लावू.”

कपाटातून ती वही निघाली. मावशी खिडकीपाशीच उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. “रखवालदार त्या संध्याकाळी गोदामात जाताना मला दिसला...” पान संपलं. तिनं विजयी चेहऱ्यानं बाईकडे पाहिलं आणि सवयीनं पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलाच शब्द होता: नाही.

तिनं कारकुनाच्या हातातला कागद ओढून वहीशेजारी धरला. टाइप करताना पान उलटलं होतं आणि तिची नजर थेट पुढच्या वाक्यावर जाऊन पडली होती. बस, एवढंच. आणि त्या एका वाक्यावर सगळा निकाल उभा होता. साक्षीच्या खाली ‘वाचून दाखवली, बरोबर आहे’ असं नेहमीप्रमाणे टाइप केलेलं होतं. प्रत्यक्षात तेव्हा जेवायची सुट्टी होत आली होती, कुणी वाचून दाखवलंच नव्हतं.

कारकुनानं आवाज खाली आणला. “बाई, वही कपाटात ठेवा. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?”

“धोंडा चौदा महिन्यांपूर्वीच पडलाय,” मावशी म्हणाली. “फक्त दुसऱ्याच्या पायावर.”

आणि ती निघालीच! निकाल ज्यांनी दिला होता ते न्यायाधीश आपल्या खोलीत डबा उघडून बसले होते. मावशीनं वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले.

“वाचून दाखवली, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “कुणी दाखवली?”

“कुणीच नाही, साहेब.”

“आणि खाली सही कुणाची?”

मावशीनं सहीवर बोट ठेवलं.

“माझी,” ते म्हणाले, आणि त्यांनी डबा मिटला. “बसा. वरच्या कोर्टाला पत्र लिहायचंय. लिहा: लघुलेखकाकडून एक शब्द सुटला, आणि न वाचता सही करून मी ती चूक पक्की केली.”

“साहेब, ते तुमच्या सहीचं...”

“टाइप करा. आणि मला वाचून दाखवा. मोठ्यानं.”

पत्र हातात पडलं तेव्हा दोन पंचवीस झाले होते. मावशी आणि ती बाई रस्ता ओलांडून धावत सुटल्या. लिफ्टपाशी ही रांग! मावशीचे गुडघे दुखायचे, पण ती चार मजले चढली. बाईनं तिचा दंड असा धरला होता की आठवडाभर वळ राहिला.

आत सरकारी वकील बोलत होते. “इस्त्रीवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय की रखवालदार आत जाताना...”

सव्वीस वर्षांत कोर्टात एक शब्द न बोललेली माझी मावशी दारातूनच ओरडली, “त्यांनी तसं सांगितलं नव्हतं! ते मी लिहिलंय!”

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. शिपाई धावला, पण वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी हात वर केला आणि पत्र मागवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

सरकारी वकील उठले. “हा शब्द आज सकाळी वहीत घातला नसेल कशावरून?”

“विचारताय ते बरोबरच आहे,” मावशी धापा टाकत म्हणाली. “दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा.”

न्यायाधीशांनी वही त्या कोर्टात लघुलेखक असलेल्या एका तरुण मुलीकडे दिली. मुलगी वाचत गेली. पान संपलं, तिनं पान उलटलं. “नाही,” ती म्हणाली. मग वही डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “साहेब, पुढचे शब्द याला अगदी चिकटून आहेत. मागाहून घुसवायला इथे जागाच नाही.”

रखवालदाराच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्या बाईंना बोलावलं. त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, “तेव्हाही हेच सांगितलं होतं. सही कर म्हणाले, केली. मला काय माहीत तुम्ही उलटं लिहिता!” सरकारी वकिलांनी आपलं काही म्हणणं नसल्याचं सांगितलं. रखवालदार त्याच दिवशी सुटला.

मावशीला लेखी ताकीद मिळाली. न्यायाधीशांनाही वर जाऊन उत्तर द्यावं लागलं. ताकीद घरी आणून मावशीनं ती आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली, एकही शब्द न गाळता.

मग ती रखवालदाराच्या घरी गेली. तो चहा प्यायला बसा म्हणाला, ओरडला नाही. एवढंच बोलला, “बाई, मी आत असताना माझी पोरगी चालायला शिकली. ते काही आता मला बघायला मिळायचं नाही.” मावशीनं चहा शेवटपर्यंत संपवला. न पिता उठणं म्हणजे पळून जाणं झालं असतं, असं ती म्हणायची.

पुढची तीन वर्षं तिनं प्रत्येक साक्ष साक्षीदाराला मोठ्यानं वाचून दाखवली. वकील जांभया द्यायचे, घड्याळं बघायचे. आणि एखाद्या दिवशी ती लाल चेहऱ्यानं, चपला भिरकावत घरात शिरायची. “अगं, ऐकलंस का? आज एका म्हाताऱ्यानं मला मध्येच अडवलं! म्हणाला, मी ‘काका’ म्हणालो, तुम्ही ‘काकू’ लिहिलंय! तीनदा चूक काढली गं त्यानं माझी, तीनदा!” आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून मावशी ती तिन्ही वाक्यं पहिल्यापासून सांगायला लागायची.