हेर्दिसबाई आणि थंडीत लागणारा दिवा

सरोवराकाठच्या रिव्हरटन गावात माणसाची ओळख त्याच्या गाडीवरून सांगतात. शेतकऱ्याची ट्रॅक्टरवरून, कोळ्याची बर्फावर चालणाऱ्या गाडीवरून, आणि हेर्दिसबाई एयोल्फसन यांची शाळेच्या पिवळ्या बसवरून. तीस वर्षं त्यांनी ती बस चालवली. गावात आज चाळिशी-पन्नाशीला आलेली माणसं कधी ना कधी त्या बसच्या मागच्या बाकावर भांडलेली आहेत. अजूनही दुकानात हेर्दिसबाई समोर आल्या की ती आपोआप रांगेत सरळ उभी राहतात.

बसची नोकरी संपली तरी बाईंचं चालवणं सुटलं नाही. आठवड्यातून तीन दिवस त्या वाल्दीला गिमलीच्या इस्पितळात नेत. वाल्दीची मूत्रपिंडं थकली होती. यंत्रावर चार तास पडून राहायचं, रक्त धुऊन घ्यायचं, आणि परत यायचं. वाल्दी शाळेत त्यांच्या वर्गात होता. पुढे बाईंचे यजमान स्टेफान आणि तो जन्मभर सरोवराच्या बर्फाला भोकं पाडून जाळी टाकत राहिले. स्टेफान गेले, वाल्दी एकटा राहिला. मग कोणी न ठरवता हे नेणं-आणणं सुरू झालं.

बाईंना ते फार आवडे, हे त्या कोणाला सांगत नसत. हिवाळ्यातला सकाळचा रस्ता अंधारात सुरू होतो. दिव्यांच्या उजेडात भुरभुर बर्फ रस्त्यावरून आडवं वाहत जातं, पांढऱ्या सापांची रांग चालल्यासारखं. रस्ता सरळ. गाडी चालते आहे की आपण एका जागी थांबलो आहोत आणि जमीनच मागे सरकते आहे, हे काही वेळाने कळेनासं होतं. जाताना वाल्दी जुन्या गोष्टी सांगे. येताना तो थकून झोपे आणि त्याच्या श्वासाचा आवाज चाकांच्या आवाजात मिसळून जाई. त्या अर्ध्या तासात बाईंना वाटे, बस अजून चालूच आहे, फक्त एकच मूल उतरायचं राहिलं आहे.

मग जुनी गाडी मोडीत निघाली आणि मुलाने, बाल्दुरने, त्यांना एक राखाडी गाडी आणून दिली. वापरलेली, पण नीट. बाल्दुर पीकविम्याच्या ऑफिसात होता. गारपीट व्हायच्या आधीच गारपीट दिसायची, असा त्याचा स्वभाव.

नोव्हेंबरात पहिली खरी थंडी पडली आणि गाडीत समोर एक पिवळा दिवा लागला.

"हे काय आहे गं?" वाल्दी वाकून बघत म्हणाला. "कढईत उद्गारचिन्ह तळायला घातलंय वाटतं."

"मला काय माहीत? आधीच्या गाडीला नव्हतं असलं काही."

संध्याकाळी बाल्दुरने सांगितलं, "आई, टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लागतो. प्रत्येक चाकात एक सेन्सर बसवलेला असतो, तो कळवतो. हवा भर, जाईल."

बाईंनी हवा भरली. गाडी त्या स्टेफानच्या शेडमध्ये ठेवत. बोटं न गारठता जाळी विणता यावीत म्हणून स्टेफाननी ती शेड बांधली होती. आत अजूनही कायम शेगडी पेटलेली. बाहेर कितीही हाडं गोठोत, शेडमध्ये माणूस नुसत्या स्वेटरवर काम करू शके. तिथेच छोट्या पंपाने त्यांनी चारही चाकांत गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिली होती तेवढी हवा भरली. दिवा गेला.

दोन दिवसांनी गाडी इस्पितळाबाहेर चार तास उभी राहिली, आणि वाल्दीला घेऊन त्या बाहेर आल्या तर दिवा पुन्हा हजर. घरी पोचेपर्यंत तो आपला आपणच विझला. शेडमध्ये मोजून पाहिलं तर हवा बरोबर. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

बाल्दुरने दोनदा तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि दुसऱ्यांदा गाडी थांबवायला लावली.

"आई, कुठे घासलीस का गाडी? दगडावर, कडेला?"

"घासली असती तर सांगितलं नसतं?"

"लक्षात आलं असतं तर सांगितलं असतंस."

हे वाक्य त्याने हळू म्हटलं, पण बाईंना ते लागलं.

"हे बघ," तो म्हणाला, "तू एकटी असतीस तर मी गप्प बसलो असतो. गाडीत आजारी माणूस असतो. मध्ये तीस किलोमीटर काही नाही. पुन्हा दिवा लागला तर मी म्युनिसिपालिटीच्या व्हॅनला सांगणार. तीन दिवस ती नेईल वाल्दीकाकांना. आणि गाडीचं आपण मग बघू."

"आपण म्हणजे तू."

"आई..."

"जा घरी. बायको जेवायची थांबली असेल."

त्या रात्री बाईंना स्वप्नात बस दिसली. मुलं सगळी बसलेली, पण एकही बोलत नव्हतं. जागेपणीही ती शांतता त्यांच्या मागे राहिली. खरंच घासली असेल का कुठे? आठवत नाही असं कधी झालं नव्हतं. पण ज्याचं विसरणं सुरू होतं त्याला ते थोडंच आठवतं! त्यांनी आरशात पाहून स्वतःलाच विचारलं, 'काय गं, चालवता येतंय ना अजून?'

वाल्दीला त्यांनी अट सांगितली.

"व्हॅनमध्ये बोलायला कोण असतं?"

"ड्रायव्हर असेल की."

"तो पोरगा कानात काहीतरी घालून बसतो," वाल्दी म्हणाला. "तुझी कटकट सवयीची झाली आहे मला."

डिसेंबरात वाल्दीचा ऐंशीवा वाढदिवस आला. तो यंत्रावर असताना बाईंनी गिमलीच्या दुकानातून गॅसचे फुगे घेतले, लाल आणि निळे. मागच्या सीटवर ठेवले, दार लावलं, आणि समोरच्या हॉटेलात जाऊन साखरेचा खडा दातात धरून दोन कप काळी कॉफी प्यायल्या. परत येऊन पाहतात तर फुगे सीटवर आडवे पडलेले. सुरकुतलेले, मलूल, जाळ्यातून काढून ठेवलेल्या माशांसारखे.

वाल्दी गाडीत बसता बसता मागे वळून म्हणाला, "माझ्या वयाचे बघून आणलेस होय?"

"त्या दुकानातल्या पोरीने फसवलं मला. गाठ नीट मारली नसणार."

"जाऊ दे. केक फुटला नाही ना?"

"केक घरी आहे. गप्प बस आणि पट्टा लाव."

गाडी सुरू केली. समोर पिवळा दिवा होताच. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. हीटर लावला, रस्त्याला लागल्या. ऊन पडलं होतं, पण ते ऊन नुसतं दिसायला. सूर्याच्या दोन्ही बाजूंना थंडीने हवेतल्या बर्फकणांत आणखी दोन खोटे सूर्य उभे केले होते, आणि तिघेही सारखेच निरुपयोगी. वाल्दी झोपला. चाकांचा आवाज एका सुरात लागला. बाईंच्या मनात काहीच नव्हतं, नुसता पांढरा रस्ता आत शिरत होता.

वाटेतल्या आर्नेसच्या फाट्याअलीकडे आरशात काहीतरी लाल हललं.

एक फुगा सीटवरून उठत होता. घाई नव्हती त्याला. झोपेतून उठून बसणाऱ्या मुलासारखा तो आधी जरा वर आला, थांबला, मग छताला टेकला. मागून एक निळा. मग आणखी दोन. त्यांच्या सुरकुत्या गेल्या होत्या, अंग भरलं होतं, आणि गाडीच्या छताखाली ते सगळे हळूहळू डुलत होते. बाईंना वाटलं आपणही झोपलो आहोत. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. कोणी त्या फुग्यांत हवा भरली नव्हती. कोणी काढलीही नव्हती. थंडीत ती आतल्या आत अंग चोरून बसली होती, आता ऊब लागली तशी पाय पसरत होती.

आणि मग त्यांनी समोर पाहिलं. पिवळा दिवा विझला होता.

त्यांनी वाल्दीला उठवलं नाही. पण त्याच्या घरासमोर गाडी थांबवून त्यांनी त्याला उठवलं ते दंडाला चिमटा काढून.

"वाल्दी! मी गाडी कुठेही घासली नाही!"

"कोण म्हणालं घासलीस?" वाल्दी डोळे चोळत म्हणाला, आणि डोक्यावरचे फुगे बघून दचकला. "हे मेलेले होते ना?"

"गारठले होते. तसंच माझ्या टायरचं. शेडमध्ये मी गरम हवा मोजते. बाहेर नेली की ती आखडते, मग दिवा लागतो. चालवून चाकं तापली की विझतो. इतकं सोपं!"

"मग इतके दिवस का नाही कळलं?"

"तुला कळलं का?"

"मी फक्त प्रवासी आहे," वाल्दी म्हणाला.

त्या रात्री बाईंनी गाडी पहिल्यांदा अंगणात उभी केली. इंजिन गोठू नये म्हणून त्याच्या हीटरची वायर घरातल्या प्लगला जोडली. सकाळी बाहेर जाऊन थंड टायरांची हवा मोजली. चारही चाकांची हवा सारखीच उतरली होती, एकाचीही दुसऱ्यापेक्षा फारशी कमी-जास्त नाही. चारही सारखी म्हणजे थंडी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. मग तिथेच, पंपाची नळी लाकडासारखी ताठ झालेली असताना, पट्टीवर लिहिलं होतं तेवढी हवा भरली. गाडी निघाली तेव्हा रात्रभर उभं राहून चपटी झालेली चाकं पहिला किलोमीटरभर धप धप वाजली, मग गोल होऊन गप्प झाली. दिवा काही लागला नाही.

स्टेफानच्या शेडचं दार लावून घेताना त्यांना जरा अपराधी वाटलं. ऊब वाईट नव्हती. पण टायरांना ज्या थंडीत धावायचं, त्यांची हवा त्याच थंडीत मोजायला हवी होती.

बाल्दुरला त्यांनी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाला, "ठीक आहे. पण पुन्हा लागला तर..."

"तर व्हॅन. माहीत आहे."

जानेवारी निम्मा सरला. महिनाभर दिवा लागला नव्हता. एका सकाळी उणे पस्तीस होतं. धुराड्यातला धूर वर न जाता छपरावरच बसून राहिला होता. बाईंनी गाडी काढली, वाल्दीच्या दारात आणली, तो काठी टेकत येऊन बसला, आणि त्याने पट्टा लावला तोच दिवा लागला.

दोघांनी तो पाहिला.

"थंडी," वाल्दी म्हणाला. "आज सगळ्या गावाचे लागले असतील. चल."

गाव खरोखरच तसं वागे. थंडी वाढली की दिवा लागायचाच, असं म्हणून लोक हिवाळाभर त्या दिव्यासोबत फिरत. बाईंनीही हात गियरवर ठेवला. मग काढला. डिकीतून हवेचं मापक घेतलं आणि बर्फात गुडघे टेकून एकेक चाक मोजलं. पुढची दोन सारखी. मागचं डावं सारखं. मागचं उजवं त्यांच्या निम्म्यावर.

त्यांनी ते पुन्हा मोजलं. तेच.

पंप होता. दहा मिनिटांत हवा भरली असती, आणि गिमलीपर्यंत ती टिकलीही असती, बहुतेक. बाल्दुरला कळलं नसतं. बाईंनी मान वर करून पाहिलं. काचेआड वाल्दी बसला होता. टोपी कानांवर, हात मांडीवर. बसमध्ये पहिल्या दिवशी आलेली मुलं अशीच बसत. तीस किलोमीटरच्या मधोमध टायर बसला, तर हा माणूस पन्नास पावलं चालू शकत नव्हता.

त्यांनी हातमोजा काढून फोन लावला.

"बाल्दुर, तुझा ट्रक घेऊन वाल्दीकडे ये. मागच्या उजव्या चाकात काहीतरी रुतलंय."

"थंडीमुळे नसेल?"

"थंडी चारही चाकांना धरते. हे एकच आहे."

बाल्दुर आला, त्याने बॅटरीच्या उजेडात चाक चाचपलं, आणि नखाएवढं चकचकीत काहीतरी बोटाने दाखवलं. छपराचा खिळा. त्याने व्हॅनचं नाव काढलं नाही, ट्रकचं दार उघडलं.

"बसा दोघं," तो म्हणाला. "उशीर होईल."

वाल्दी पुढे बसला, बाई मागे, सरोवराच्या बाजूला. इतक्या वर्षांत हा रस्ता त्यांनी खिडकीतून कधी पाहिला नव्हता. नेहमी समोर बघायचं, चाकांखालचं बघायचं. आता उजाडत होतं आणि झाडांच्या फटींतून गोठलेलं सरोवर सरकत होतं, निळसर, मग गुलाबी. त्यावर कोळ्यांच्या झोपड्या पेटीतल्या वस्तूंसारख्या छोट्या. एवढं सगळं इथे होतं तर! बाईंनी डोकं काचेला टेकवलं. चाकांचा आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी हाती होता.

"आई," बाल्दुरने पुढूनच विचारलं, "शुक्रवारी किती वाजता निघता तुम्ही?"

वाल्दीने वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"झोपली. सातला निघतो आम्ही. गाडी त्याआधी तिच्या अंगणात असू दे. आणि हे बघ, हवा बाहेर भर. शेडमध्ये भरलीस तर तुझी खैर नाही."