आमच्या गल्लीचे सेक्रेटरी

"थांबा, आधी बसू द्या," असं म्हणून ते बसायचे. मग चपला काढून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, आता सांगा."

कुठं बसतील याला नेम नव्हता. नळाचा कट्टा, कुणाच्या दाराची पायरी, रस्त्यात उतरवून ठेवलेला लूमचा, सूत गुंडाळायचा लोखंडी बीम, काहीही चालायचं. एकदा पाण्यावरून दोन बायका हातघाईवर आल्या, तेव्हा त्यांतल्याच एकीचा हंडा उपडा घालून ते त्यावर बसले. जिचा हंडा होता ती भांडण सोडून ओरडली, "अहो, चेपेल की तो!" दुसरीला हसू फुटलं आणि भांडण तिथंच संपलं.

"उभ्यानं ऐकलं ना वहिनी, की ऐकणारा पण भांडायलाच आलाय असं वाटतं," असं त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं.

भिवंडीत आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो. तुम्ही कधी आला असाल तर तुमच्या लक्षात आलं असेल. दिवसरात्र लूम, म्हणजे यंत्रमाग, खटखटत असतात, त्यांच्यावर आवाज चढवायची सवय लागते ती लागतेच. लग्नाला बाहेरगावी गेलं तरी लोक वळून बघतात. सेक्रेटरी मात्र हळू बोलायचे. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला फार ओरडता येत नाही.

त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. गल्लीतले लोक सेक्रेटरी म्हणत. लूमवर काम करणारी उत्तरेकडची मंडळी चाचा म्हणत. त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत "सेक्रेटरींना विचारा" असंच म्हणायची. फक्त तिच्या तोंडी तो शब्द जरा वेगळा लागायचा.

आमच्या गल्लीचं रहिवासी सेवा मंडळ होतं. पाटी रंगवताना पेंटरला जागा पुरली नाही, म्हणून 'सेवा' हा शब्द वर बारीक अक्षरांत कोंबलेला होता. सार्वजनिक संडासाच्या भिंतीला टेकून बांधलेली एक खोली, हे आमचं ऑफिस. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, खिचडी-भाताची मोठी पातेली, एक शिडी, आणि कोपऱ्यात तिरडीचे बांबू. बारशाला आणि मयताला लागणारं सामान एकाच खोलीत असायचं. चावी सेक्रेटरींकडे. गटार तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, खांबावरचा दिवा गेला, कुणाच्या घरी माणूस गेला, की लोक त्यांच्याकडे जात. मोबदला काहीच नव्हता. तसा तो मागायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मी मंडळात आले ती केवळ बाई म्हणून. मंडळाच्या घटनेत एक महिला सदस्य हवी असं लिहिलेलं होतं. मी घरी बसून साड्यांना फॉल-बिडिंग करायचे. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी कायम घरात असतात, त्यांनाच घ्या." माझी एवढीच पात्रता.

त्यांची स्वतःची नोकरी गल्लीच्या टोकाला असलेल्या लूमच्या कारखान्यात होती. तिथं ते मेहता होते, म्हणजे हजेरी, मालाची आवकजावक, कामगारांच्या तक्रारी, सगळं बघणारे. मूळचे जवळच्याच अंजूर गावचे. इतकी वर्षं शहरात काढली तरी बोलण्यातलं हाय-न्हाय गेलं नव्हतं. सकाळी शिफ्ट लागायच्या आधी गल्लीतून एक फेरी, दुपारी जेवायला येता-जाता एक, संध्याकाळी एक. घरी पोचेपर्यंत भाकरी गार व्हायची. त्यांची बायको मला म्हणायची, "मंडळाला सेक्रेटरी लागतो ना? मग सेक्रेटरीला जेवायला लागतं की न्हाय, ते एकदा मीटिंगमध्ये घ्या विषयाला."

मी हसायचे. तीही हसायची, पण उशिरानं.

आता डीपीची गोष्ट सांगते. कारण सेक्रेटरी म्हटलं की मला तीच आठवते.

त्या काळात भारनियमन सगळीकडेच होतं. तुम्हीही त्यात होरपळला असाल. पण आमच्या गल्लीत वीज यायची वेळ झाली तरी यायची नाही. कोपऱ्यावरच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, घरंही होती आणि कारखानाही. वीज आली की सगळे लूम एकदम सुरू व्हायचे आणि डीपी उडायचा. उन्हाळ्यात तर रोजचंच झालं. पंप नाही म्हणून पाणी वर चढत नसे. लोक सेक्रेटरींच्या दारात. ते लाइटीच्या ऑफिसात जाऊन माणूस घेऊन यायचे, तो काहीतरी जोडून जायचा, दोन दिवसांत पुन्हा अंधार.

लूमचा लोड काढून वेगळ्या डीपीवर टाकायला हवा, हे सगळ्यांना कळत होतं. पण कारखाना सेक्रेटरींच्या शेठचा. म्हणून तो विषय निघाला की मीटिंगमध्ये सगळे चहाच्या कपात बघायचे. सेक्रेटरीही.

माझ्या शेजारी रिक्षावाल्यांची मुलगी होती, प्रज्ञा. तिला दमा होता. आमच्याकडे हवेत सुताचं तूस असतं, खिडकी बंद ठेवली तरी मच्छरदाणीवर पांढरा थर बसतो. डॉक्टरांनी तिला वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं होतं. एक दिवस दुपारी मशीन सुरू असतानाच डीपी उडाला. बाप रिक्षा घेऊन बाहेर गेलेला. आई धावत माझ्याकडे आली, मी सेक्रेटरींना हाक मारली. ते जेवायला बसले होते. तसेच उठले, पोरीला खांद्यावर टाकलं आणि हमरस्त्यावरच्या दवाखान्याकडे निघाले. तिथं इन्व्हर्टर होता. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला, गुडघे धरलेला माणूस, एक चप्पल मागंच राहिली. आम्ही दोघी मागून. पोरीच्या छातीतला आवाज मला पळता पळता ऐकू येत होता.

पोर वाचली. मशीन लावल्यावर हळूहळू तिचे ओठ पुन्हा मूळ रंगावर आले. सेक्रेटरी बाहेरच्या बाकावर बसले होते, एका पायात चप्पल, आणि उष्टा हात तसाच वाळलेला. मी पाणी दिलं. त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "वहिनी, उद्या लाइटीच्या ऑफिसात जायचं. तुम्ही पण चला. चारपाच जण होऊ द्या."

"जाऊ. पण काय सांगायचं?"

"जे हाय ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. साहेब तरुण होता, कामाच्या ढिगाऱ्याखाली दबलेला. म्हणाला, "डीपीवर जास्तीचा लोड कुणाचा आहे? नाव सांगा. मोघम तक्रारीवर मला काही करता येत नाही."

आमच्यातल्या एकानं पंख्याकडे पाहिलं. दुसऱ्याला खोकला आला. मी मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली.

"थांबा साहेब, आधी बसू द्या," सेक्रेटरी म्हणाले. खुर्ची रिकामी नव्हती. भिंतीला टेकून केबलचं एक मोठं लाकडी चाक आडवं ठेवलेलं होतं, त्यावर ते बसले. "हां. लोड आमच्या शेठच्या कारखान्याचा हाय. मंजूर हाय त्याच्यापेक्षा जास्त लूम चालतात. मीच मेहता हाय तिथला. तपासायला कधी येता तेवढं सांगा, दार मी उघडून देतो."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कळतंय का, काय बोलताय ते?"

"कळतंय ना. म्हणूनच एवढे दिवस बोललो न्हाय."

तपासणी झाली. नवा डीपी बसेपर्यंत कारखाना बंद ठेवायचा हुकूम आला. गल्लीत लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. आणि त्याच संध्याकाळी कामगार सेक्रेटरींच्या दारात जमले. त्यांचं काय होईल, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तेही आमच्याच गल्लीत राहत होते, एकेका खोलीत आठ-दहा जण. लूम बंद म्हणजे मजुरी बंद.

"चाचा, आप तो हमारे थे," त्यांतला एक म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "घर क्या भेजेंगे? खाएँगे क्या?"

सेक्रेटरी त्यांच्यात जाऊन पायरीवर बसले. बराच वेळ नुसतं "मालूम है, बेटा, मालूम है" एवढंच म्हणत राहिले. मग म्हणाले, "वो बच्ची भी गल्ली की है, तुम भी गल्ली के हो. ग़लती मेरी है, मैं पहले बोलता तो गर्मी से पहले हो जाता. खाना मंडल देगा."

मंडळ म्हणजे कोण, तर आम्हीच. ऑफिसातली पातेली बाहेर काढली. कारखाना बंद होता तेवढे दिवस दोन्ही वेळा खिचडी रांधली. तांदूळ गल्लीतून गोळा केला. काहींनी दिला, काहींनी "आम्ही काय सांगितलं होतं का तक्रार करायला?" म्हणून दार लावून घेतलं. ज्यांनी टाळ्या दिल्या होत्या त्यांतलेही त्यात होते. सेक्रेटरी कुणाला काही बोलले नाहीत. ते आणि त्यांची बायको पहाटे उठून चूल पेटवायचे. ती माउली एका शब्दानं कुरकुरली नाही. मला वाटतं, इतकी वर्षं ती ज्या कामाला नावं ठेवत होती ते काय होतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नवा डीपी बसला. लूम सुरू झाले. पहिल्या दिवशी सेक्रेटरी कामावर गेले आणि तासाभरात परत आले. मी पातेली घासत होते. त्यांनी बाही वर केली आणि शेजारी बसून एक पातेलं ओढलं.

"लवकर आलात?"

"शेठ म्हणाले, मेहताजी, तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाय. पण उद्यापासून येऊ नका." ते राखेनं पातेलं घासत राहिले. "भला माणूस हाय. चहा पाजला."

पुढे त्यांना वडप्याला एका गोदामाच्या गेटवर ड्युटी मिळाली. सकाळी अंधारात निघायचे, दिवे लागल्यावर यायचे. गेटवर उभं राहायचं काम. गुडघे आणखी बिघडले. पण त्यांच्या पायरीवर लोक बसलेलेच असत. नळाला पाणी कमी येतं. कुत्री वाढली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कचरा टाकतं. आणि डीपी नवा असूनही लाइट का जातात? ते ऐकायचे. कधी कधी ऐकता ऐकता त्यांची नजर बोलणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी लागायची आणि मग दचकून म्हणायचे, "हां, काय म्हणालात? परत सांगा."

वार्षिक सभेत ते उठून उभे राहिले. "आता दुसरं कुणीतरी घ्या," म्हणाले. "माझ्याच्यानं होत न्हाय." बाहेर लूमची खटखट चालू होती. कुणीच हात वर करेना, तेव्हा ते म्हणाले, "बरं. बघू मग," आणि लोकांनी लगेच चहा मागवला. पुढच्या वर्षीही तसंच झालं. लोक वाईट नव्हते हो. आपल्यासारखेच होते. एक माणूस करतोय म्हटल्यावर आपण कशाला मध्ये पडा, इतकंच.

मग एका पावसाळ्यानंतर त्यांनी सामान बांधलं. वज्रेश्वरीला त्यांच्या मुलीचं देवळाजवळ नारळ-हारांचं छोटं दुकान होतं. ती म्हणाली, इकडे या, गरम कुंडात पाय सोडून बसा, बरं वाटेल. टेम्पो भरताना निम्मी गल्ली मदतीला आली. तेवढ्यातही एकानं त्यांना गटाराच्या झाकणाबद्दल विचारलंच.

सेक्रेटरी कोण, हा प्रश्न मग आपोआप सुटला. मी कायम घरात असायचे.

वर्षभरात मला त्यांचं सगळं कळलं. फॉलची साडी अर्धी टाकून उठणं काय असतं, ते कळलं. लोक रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या बाजूनं जायला लागले. अशातच मंडळाच्या खोलीवर कुणीतरी हक्क सांगितला. जागा आमची नाही, खाली करा म्हणाले. ती खोली बांधली तेव्हा काय बोलणं झालं होतं, हे माहीत असणारे एकटे सेक्रेटरीच. सगळे म्हणाले, तुम्ही जाऊन विचारून या, आणि म्हणावं, चार दिवस येऊन जा, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही.

मी वज्रेश्वरीच्या एसटीत बसले.

दुपारची वेळ होती. मुलगी दुकानात हार ओवत होती. तिनं मला ओळखलं, आत बोलावलं. दुकानामागच्या ओटीवर सेक्रेटरी खाटेवर झोपले होते. अंगाखाली सतरंजी, डोक्याखाली हात. तोंड जरासं उघडं. वाळले होते, पण चेहऱ्यावर तरतरी होती. इतकी गाढ झोप मी मोठ्या माणसाची क्वचितच पाहिली असेल. देवळाची घंटा वाजत होती, कोंबड्या खाटेखालून जात होत्या, त्यांना पत्ता नव्हता.

"उठवू का?" मुलीनं विचारलं. "इकडे आल्यापासून असेच झोपतात. जेवायला उठतात, कुंडावर जातात, परत झोपतात. आई म्हणते, झोपू दे."

"गल्लीची आठवण काढतात?"

ती जरा घुटमळली. "न्हाय ओ. पहिल्या पहिल्यांदा मीच विषय काढायची. तर म्हणाले, आता नको."

त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं आणि मी कशासाठी आले असणार हे तिनं ओळखलं. कप माझ्या हातात दिला आणि नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली, पदराचं टोक हातात धरून.

मी चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले. प्रज्ञा आता दहावीला बसणार, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "उठले की सांगते." मुलीनं नारळ दिला, तो पिशवीत टाकला. परतीची गाडी उभीच होती.

गल्लीच्या तोंडाशी सगळे वाट बघत होते.

"भेटले? काय म्हणाले सेक्रेटरी? कधी येतायत?"

"घरी नव्हते," मी म्हणाले. "बाहेरगावी गेलेत. कधी येतील, सांगता येत नाही."