चार बोटं साखरपाणी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात व्हिनेगरच्या पाण्यात होते. परबदादांच्या पक्ष्याला साखरपाणी पाजायच्या बाटलीची लाल तबकडी उलटी धरून तिची बारीक भोकं मी जुन्या टूथब्रशने खरवडत होते. फोन ह्यांनी घेतला, "हो... हो..." एवढंच म्हणाले आणि बाल्कनीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं, दादा गेले. आणि मी काय म्हणावं? "थांबा, एवढं धुऊन होऊ दे." खरंच धूत राहिले हो मी! त्याला आता सहा आठवडे झाले. दादांना विमानाने कुडाळजवळच्या त्यांच्या गावी पोचवलं, त्यांच्या कॉटवर दुसरा माणूस झोपायलाही लागला. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. उठते, बाल्कनीत जाते, परत येते. कारण शेवटचे आठ दिवस मी त्या माणसाशी खोटं बोलले. पक्षी येत नव्हता, आणि मी रोज सांगत होते, आला.

परबदादा फिटर. इथे आखातात, मंगफच्या आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली, चार बॅचलर मिळून राहायचे त्यातले एक. बॅचलर म्हणायचं आपलं इथल्या रीतीने. गावी सुलूवहिनी होत्या, दोन लेकी सासरी गेलेल्या. वीस वर्षं इकाम्यावर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवत, आणि वर्षाला एक महिना गाव. आम्ही नाशिकचे, त्यामुळे त्यांचं मालवणी मला आधी अर्धंच कळायचं. ओळख झाली ती कंपाउंडमधल्या पिवळ्या फुलांच्या झुडपापाशी. मी भाजी घेऊन येत होते आणि हा माणूस डोक्यावर ऊन घेऊन तिथे गप्प उभा. "ताई, हलू नको," म्हणाले. फुलाला लोंबकळलेला अंगठ्याएवढा काळाजांभळा पक्षी. शिंजीर. "आमच्या परसात जास्वंदीर येता, तोच ह्यो." आणि डोळे पुसले की हो त्यांनी! घाम असेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

मग घेतलं खूळ डोक्यात, त्याच्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगायची. त्यांच्या खोलीला बाल्कनी नाही, म्हणून आमची मागितली. मी आढेवेढे घेतले, कारण तिथे माझी कपड्यांची दोरी. ह्यांनी परस्पर हो म्हणून टाकलं. पहिली बाटली आणली ती उंच, काचेची, निमुळत्या गळ्याची. दिसायला झकास, पण आत ब्रश जाईना. "ज्येच्यात हात जाणा नाय, ता धुवचा कसा?" म्हणून परत केली. दुसरीला पक्ष्याला बसायला दांडीच नव्हती. खोक्यावर चित्र हमिंगबर्डचं, तो म्हणे हवेतच तरंगत पितो. आपला शिंजीर बापडा बसून पिणारा. तिसरी आणली ती ही. दीड लिटरची, रुंद तोंडाची, खाली लाल तबकडी आणि तिला बसायला गोल कडं. केवढी ती! मी म्हटलं, "दादा, पक्षी पाजायचाय की उंट?" तर म्हणाले, शुक्रवारी सुट्टीला एकदा भरली की आठवडाभर बघायला नको.

तिथेच फसले. इथल्या उन्हात दुसऱ्या दिवशी पाणी गढुळलं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास. तेव्हापासून नियम झाला: एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, उकळून गार केलेलं. रंग नाही, मध नाही, गूळ तर नाहीच. बाटली मोठी असली तरी भरायची तळाशी चार बोटं. रोज ओतून टाकायचं, गरम पाण्याने धुवायचं, दोन दिवसांआड व्हिनेगर. बाटली दिवसभर सावलीत, आणि मुंग्यांसाठी वरच्या आकड्याला पाण्याची वाटी. ड्युटीवरून आले की बूट दाराबाहेर काढून थेट बाल्कनीत. चहासुद्धा नंतर. मला ती चार बोटं बघवत नसत. एवढं थोरलं भांडं आणि तळाशी एवढंसं पाणी! "अहो, पाहुण्याला कुणी अर्धा पेला देतं का?" मी चिडवायची. ते हसायचे. "पाव्हण्याक ताजा लागता गो, भरपूर नाय."

मे महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून ॲडमिट झाले. स्ट्रेचरवरून मला काय सांगावं? "ताई, चार बोटां. जास्ती नको." मी हो म्हटलं आणि घरी येऊन काठोकाठ भरली. मुद्दाम नाही. हात आखडता घेणं आमच्या घरात माहीत नाही, शिवाय रोज हॉस्पिटलच्या खेपा, एकदाच भरून मोकळं व्हावं... दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी जास्त खरी आहे. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "मम्मा, इट्स गॉन क्लाउडी." मी म्हटलं, बघते नंतर. पाचव्या दिवशी बघितलं तर भोकांत काळी बुरशी, आत मेलेल्या मुंग्या. आणि शिंजीर नाही. घासली, पुसली, चार बोटं भरली, पण तो फिरकला नाही.

संध्याकाळी भेटीच्या वेळी दादांचा पहिला प्रश्न तोच. नाकात नळी, आवाज कसाबसा. "इलो काय गो तो?" मी म्हटलं, "आला ना, दोनदा आला." त्यांचा चेहरा असा काही उजळला की पुढच्या दिवशी तर मी रंगवूनच सांगितलं, कसा बसला, कशी मान वाकडी केली. लाज नाही वाटली मला. तेच त्यांनी फोनवर वहिनींना सांगितलं. आणि आता वहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "शेवटपर्यंत त्येंचा पाखरू येय होता. तेवढा तरी सुख."

परवा त्यांचा फोन आला. पुन्हा तेच, पाखरू, सुख. माझ्याने ऐकवेना. "वहिनी, नव्हता येत तो," मी म्हटलं. "मी पाणी नासवलं. दादांनी सांगितलं होतं तरी काठोकाठ भरलं. आणि रोज खोटं बोलले त्यांच्याशी." भडाभडा सगळं सांगून टाकलं आणि रडले. पलीकडे मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

मग वहिनी म्हणाल्या, "त्येंका बरा वाटाचा म्हणान तू खोटा बोललंस. माका मात्र खराच सांगत जा."

तेव्हापासून संध्याकाळी बाटली धुते, चार बोटं भरते आणि त्यांना फोन करते. काल सांगितलं, नाही आला. आजही तेच सांगितलं. "बरां," म्हणाल्या, "उद्या परत सांग."