नजर जावी म्हणून

माझी धाकटी बहीण सुहासिनी जनावरांची डॉक्टर आहे असं सांगितलं की लोक लगेच आपल्या म्हशीचं दुखणं काढतात. ती कुत्र्यांना भूल देते, म्हणजे द्यायची, असं सांगितलं की हसतात. कुत्र्याला कसली भूल, चौघांनी धरलं की झालं. मी पूर्वी अशांना समजावत बसायचे. आता चहासुद्धा विचारत नाही.

आम्ही वाईच्या. लहानपणी सुहासिनीला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं की ती गॅसच्या बटणावर हात ठेवूनच उभी राहायची. आई म्हणायची, "अगं, जरा इकडं तिकडं बघितलंस तर चालेल." ती बघायची नाही. शिरवळला शिकून डॉक्टर झाली, पुढचं शिक्षण सर्जरीचं घेतलं, पण मन लागलं ते भुलीत. मी तेव्हाच सांगितलं होतं, कापणाऱ्याचं नाव होतं, जागं करणाऱ्याला कुणी विचारत नाही. तर म्हणाली, "ताई, कुत्रं डोळे उघडून पहिल्यांदा शेपटी हलवतं ना, तेव्हा समोर मी असते."

सांगलीत माझं सासर. तिच्याच वर्गातल्या शंभूराजनं इथं कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला आणि भूल द्यायला तिला बोलावून घेतलं. मशीन तिनं स्वतःचं आणलं. मला कौतुकानं दाखवलं होतं. एका नळीतून ऑक्सिजन आणि भुलीचा वायू कुत्र्याच्या श्वासनलिकेत जातो. सोडलेला श्वास दुसऱ्या नळीनं परत येतो, चुन्याच्या दाण्यांच्या डब्यातून गाळला जातो आणि पुन्हा वापरात येतो. मधे एक रबरी फुगा, कुत्र्याच्या श्वासाबरोबर खालीवर होणारा. पिल्लाचा श्वास एवढ्या मोठ्या नळ्यांतून ढकलला जात नाही, म्हणून त्यांच्यासाठी तिनं वेगळी हलकी नळी ठेवली होती. दाण्यांचा रंग बदलायला लागला, म्हणजे ते निकामी होत आले, की ती डबा रिकामा करायची. शंभूराज म्हणायचा, "अजून एक ऑपरेशन निघेल की त्यात." चुना लावायची सवय त्याची तेव्हापासूनची.

आणि जास्तीचा वायू बाहेर पडायला एक झडप. सगळा जीव त्या झडपेत. ऑपरेशनआधी ती बंद करून फुगा भरायचा, कुठं गळत नाही ना ते बघायचं आणि उघडायची. मधेच कुत्र्याचा श्वास मंदावला तर ती बंद करून फुगा दाबायचा, श्वास द्यायचा आणि लगेच उघडायची. उघडायची राहिली तर वायूला बाहेर जायला वाट उरत नाही. फुगा ताठ होतो, मग छाती ताठ होते आणि हृदयाकडे रक्त परत येईनासं होतं. सुहासिनीचा नियम होता, झडप बंद आहे तोवर तिच्यावरचा हात काढायचा नाही. शिवाय तिनं झडपेला एक लाल दोरा बांधला होता.

शंभूराजनं चिडवलं, "काय गं, मशीनला नजर लागू नये म्हणून का?"

"नजर लागू नये म्हणून नाही," ती म्हणाली. "नजर जावी म्हणून."

लालासाहेब हे पलूसकडचे, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्याकडे कारवान जातीचा कुत्रा होता, लांब पायांचा, नाव कॅप्टन. जन्मभर कॅप्टनांना सलाम ठोकले, आता एका कॅप्टनला बस म्हटलं की बसतो, हे त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना ऐकवून झालं होतं. उसाच्या ट्रॉलीखाली येऊन कॅप्टनचा मागचा पाय मोडला. साधं ऑपरेशन होतं.

सुहासिनीनं भूल दिली. कुत्रा झोपला. तेवढ्यात पुढच्या पायातली सलाईनची सुई निसटली आणि ती खाली वाकून ती नीट लावू लागली. शंभूराजनं अजून हातमोजे घातले नव्हते. "श्वास कमी घेतोय गं," म्हणत त्यानं झडप बंद केली, फुगा दोनदा दाबला. इतक्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत बाहेर गेला. झडप बंदच राहिली. सुहासिनीला वाटलं त्यानं उघडली असणार. सुई हातात होती, रक्त येत होतं, तिनं मान वर केली नाही. वर केली तेव्हा फुगा कलिंगडासारखा टणक झाला होता. तिनं झडप उघडली, छाती दाबली, इंजेक्शनं दिली. कॅप्टन परत आला नाही.

शंभूराज बाहेर बाकावर बसलेल्या लालासाहेबांकडे आधी पोचला. "हार्ट वीक होतं हो त्याचं. आधी कळायला मार्गच नव्हता." किती सफाईदार. त्याच्या मागोमाग सुहासिनी आली आणि म्हणाली, "हृदय चांगलं होतं. मशीनची झडप बंद राहिली. फुगा फुगत होता, तो मला दिसायला हवा होता. मी बघितलं नाही."

झडप कुणी बंद केली ते ती बोलली नाही. नंतर मी तिला धारेवर धरलं. नाव का नाही घेतलंस? ती म्हणाली, "झडप त्यानं बंद केली, ताई. पण फुग्याकडं बघायचं काम माझं होतं." मला तेव्हा तिचा राग आला होता आणि अजूनही येतो.

लालासाहेबांनी तिला हात जोडले. "खरं बोललासा, बाई. आमाला खोटं सांगनारी लय भेटली." कॅप्टनला त्यांनी आपल्या फौजेतल्या घोंगडीत गुंडाळून नेलं. आणि मग ते तिचं कौतुक करत सुटले. सोसायटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. बाईनं काही लपवलं न्हाई, लय सच्ची बाई. ऐकणाऱ्यांनी कौतुक ऐकलंच नाही. त्यांनी एवढंच ऐकलं की बाईच्या हातात कुत्रं गेलं. भूल द्यायला ठेवली होती, भूलच करून बसली, असा विनोद कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मलाही आला, हसणाऱ्या तोंडांसकट. शंभूराज तिला म्हणाला, "थोडे दिवस घरी थांब, वातावरण निवळू दे." ते निवळलं नाही. त्यानं नवा माणूस ठेवला, नवं मशीन घेतलं.

सुहासिनी पाटणला एका दूध संस्थेत लागली. तिथं भूल म्हणजे उभ्या गाईला एक इंजेक्शन. तिचं मशीन आमच्या मागच्या खोलीत आलं, यजमानांच्या हळदीच्या पोत्यांशेजारी, चादरीखाली. रविवारी ती सांगलीला यायची, जेवायच्या आधी मागच्या खोलीत जायची, चादर काढायची, झडप बंद करून फुगा भरायची, गळती बघायची आणि झडप उघडायची. एकदा डोकावले तर तिचा हात झडपेवरच होता. समोर कुत्रं नव्हतं, पोती होती. मी हळूच मागं फिरले. एक तरी कुत्रा तिच्याकडे यावा, एवढंच मी देवाकडे मागत होते.

अशाच एका रविवारी लालासाहेब दारात उभे. सोबत नवा कारवान, अंगानं भरलेला, आणि त्याच्या पोटाला पट्टी. ज्याचं कुत्रं गेलं तोच माणूस पुन्हा तिच्याकडे आला, तर साऱ्या गावाचं तोंड बंद होईल. मी चहात आलं जास्त घातलं, तळलेले पापड काढले. सुहासिनीनं खाली बसून कुत्र्याची पट्टी बघितली आणि तिचा हात थांबला.

"ऑपरेशन झालंय याचं," ती म्हणाली.

"व्हय. मागच्या आठवड्यात. शंभूराज डॉक्टरनं केलं." लालासाहेबांनी कप खाली ठेवला. "आवं बाई, त्येच सांगाय आलोय. दुसऱ्याकडनं कळलं आसतं तर बरं दिसलं नसतं."

"माझ्याकडं का नाही आणलंत?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मनात लय हुतं. पन तुमी मला समदं सांगितलंसा न्हवं, झडप, फुगा. तवापास्नं कुत्रं टेबलावर घेटलं म्हंजी मला त्योच फुगा दिसतोय. शंभूराज डॉक्टर म्हनलं, काई होत न्हाई, तुमी भाईर बसा. म्या भाईर बसलो. मला येवढंच पायजे हुतं."

मी आत निघून आले. थांबले असते तर त्या म्हाताऱ्या माणसाला काहीतरी बोलले असते. बाहेर सुहासिनी विचारत होती, "नीट शुद्धीवर आला ना?"

"आला की. डोळं उगडलं न्हाईत तोच लगी शेपूट हालवाय लागला."

त्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, "ताई, मशीन विकून टाक. शंभूराजला विचार, त्याला दुसऱ्या टेबलाला लागेल." मी म्हटलं, नदीत टाकीन, त्याला देणार नाही. "कुत्र्यांना लागेल, ताई," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडली. कॅप्टन गेला तेव्हाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

शंभूराजची माणसं टेम्पो घेऊन आली. मशीन उचलायच्या आधी मी झडपेचा लाल दोरा सोडून घेतला आणि देवघरात ठेवला. एवढं तरी माझ्या बहिणीचं त्याला मिळू नये, असं वाटलं. रात्री तिचा पाटणहून फोन आला. मशीन गेलं का, नळ्या नीट बांधल्या का, आणि मग, "दोरा आहे ना झडपेला?" मला खोटं बोलता आलं असतं. आमच्या घरात ते कुणाला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली, त्याच्या दवाखान्यात गेले आणि तो दोरा माझ्या हातानं झडपेला घट्ट बांधला. शंभूराज दारात उभा राहून बघत होता.

"नजर लागू नये म्हणून का?" त्यानं हसत विचारलं. आणि मला चहा घेऊन जा म्हणाला.