दोन नांगर

जळगावात शिडाची होडी विकायला काढली की समोरचा आधी विचारतो, "डिझेलवर चालते का?" वाऱ्यावर चालते म्हटलं की तो हसतो आणि फोन ठेवतो. असे पुष्कळ फोन झाले.

मी मालवणकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. शेठ एकदा किनाऱ्यावर फिरायला आले, त्यांना ही लहानशी होडी आवडली, आणि ती हाकायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतलं. ट्रेलर, शीड, डोलकाठी आणि मी, असे आम्ही एकदमच खानदेशात आलो. संध्याकाळी मेहरूणच्या तलावावर आम्ही दोघं होडी काढायचो. त्या माणसानं मला खोली दिली, गाडी शिकवली, मी तापानं फणफणलो तेव्हा उशाशी बसला. हे सगळं एक दिवस माझ्याकडून बुडेल, ही भीती मला तेव्हापासून आहे.

मग शेठना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. होडी अंगणातल्या निंबाखाली येऊन पडली.

"ती दिसली की ते नुसते रडतात रे," शेठाणी म्हणाल्या. "देऊन टाक. पण माणूस बघून दे, बेटा."

शेवटी शिरपूरच्या अलीकडून एका आबांचा फोन आला. केळी आणि कापूस. मळ्याला लागूनच तापीवरच्या बंधाऱ्याचं पाणी.

"आखाजीले दोन्ही पोरी येतीन," आबा म्हणाले. "झोका त दरसाल शे. औंदा पोरीस्ले नावमां बसाडसू." आखाजी म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण.

मी सामान सांगायला लागलो. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्ही, दोराचं वेटोळं, नांगर.

"नांगर नको भाऊ. मनाकडे दोन शेतस."

मला केवढं हायसं वाटलं! दोन नांगर बाळगणारा माणूस म्हणजे पाण्यातला माणूस. आमच्याकडे गरिबाच्या होडीला एकच नांगर, तोही कधी कधी दगडाचा. तरी सवयीनं मी बजावलं, "आबा, नांगराशिवाय पाण्यात जायचं नाही हां. वारा फिरला की तोच राखतो."

"बठ्ठं करसू, भाऊ. कसाले काळजी करस?"

दोन दिवसांनी ते पिकअप घेऊन आले. मी त्यांना शीड चढवून दाखवलं, उतरवून दाखवलं, ट्रेलर जोडून दिला. नांगर निंबाखालीच राहिला. होडी फाटकातून निघाली तेव्हा पडवीत खुर्चीवर बसलेल्या शेठनी डावा हात उचलला.

"नां… नां…"

"नको म्हणतात," शेठाणींनी डोळ्याला पदर लावला. "सुटत नाही जीव."

आबांनी खाली वाकून हात जोडले. "शेठ, पोर नांदाले जाई राहिनी, असं समजा."

पण शेठ थांबेनात. होडी गेली, धूळ बसली, तरी हात निंबाकडेच. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. मी आपला त्यांचे पाय चोळत म्हणत होतो, चांगल्या घरी गेली हो शेठ, चांगल्या घरी गेली.

आखाजीच्या सकाळी आबांनी फोनवर फोटो पाठवला. होडीला आंब्याचं तोरण, बाजूला हिरव्या साड्यांतल्या दोन लेकी. आणि होडीच्या मधोमध, हळदकुंकू लावलेला, बैलांचा लोखंडी नांगर. खाली लिहिलं होतं: तुम्ही सांगं तसा नांगर बसाडा. जेवीसन निघतस.

मी तो फोटो शेठपुढे धरला. त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की वळ उठले.

"नां… गर," शेठ म्हणाले.

आबांचा फोन लागेना. मी आमचा नांगर निंबाखालून ओढला, मोटरसायकलला मागे बांधला आणि चोपड्याच्या रस्त्याला लागलो. गावोगावी झाडांना झोके होते, पोरींची गाणी होती. पण वारा तापत होता. बागांमधली केळीची पानं चिरफळली होती, कुठे कुठे अख्खी झाडं घडासकट आडवी. एक वावटळ रस्ता ओलांडून माझ्याआधी नदीकडे गेली. मी घरचे सगळे देव एका दमात आठवले.

काठावर ट्रेलर रिकामा होता.

होडी हाकेच्या अंतरावर होती, ओझ्यानं खोल बसलेली, शीड तट्ट फुगलेलं. लेकींचं हसू पाण्यावरून ऐकू येत होतं. पुढे, वारा नेत होता तिकडे, बंधाऱ्याची दारं होती, आणि त्यांच्यापाशी पाण्याचा तो जाड, सलग आवाज. तेवढ्यात पलीकडच्या काठाची धूळ उठली. होडी कलली. हसू थांबलं.

"आबा! शीड सोडा! नांगर टाका!"

"काय टाकू?"

"नांगर! पाण्यात!"

"पाणीमां? येडा व्हयना का भाऊ? पूजा करेल शे!"

"आबा, टाका!" थोरली लेक किंचाळली. तिनं वाट पाहिली नाही. दोघींनी मिळून तो नांगर कडेवरून लोटला. तो हलू नये म्हणून आबांनी माझ्याच दोरानं होडीच्या पुढच्या कडीशी बांधला होता, आणि मधलं उरलेलं वेटोळं तसंच पडून होतं. दोर सरसरत गेला. होडीला हिसका बसला, तिनं तोंड वाऱ्याकडे फिरवलं आणि ती थांबली. फाळ तापीच्या गाळात रुतला होता. आबा शिडाच्या दोराशी झटत होते. शीड खाली आलं.

वारा पडेपर्यंत आम्ही तसेच, ते पाण्यात, मी काठावर. दारांचा आवाज तेवढा चालू होता.

नांगर काही वर आला नाही, दोर कापावा लागला. वल्हवत काठाला आल्यावर आबा माझ्याकडे आले. माझ्या मोटरसायकलवरचा आकड्यांचा नांगर त्यांनी बराच वेळ पाहिला.

"हाऊ नांगर?"

"हाच, आबा."

"मी म्हणं, तुमना कोकणना शकुन व्हई," ते म्हणाले. धाकटी लेक हसायला गेली आणि रडली.

संध्याकाळी मी शेठना सांगितलं की नांगर होडीवर पोचला, लेकी सुखरूप आहेत. त्यांनी डोळे मिटले आणि शेठाणींच्या हातून दोन घास खाल्ले. मग पुन्हा माझं मनगट धरलं, ते मात्र सोडलं नाही.

अजूनही दुपारची धूळ उठली की मी निंबाखाली जाऊन बघतो. नांगराच्या वजनानं दबलेली ती जागा रिकामी दिसली, की मग आत येतो.