रानातली पिल्लं आणि गाईचा घास

बाळांनो, इथे परदेशात, बुकित तिमाहला आमच्या काँडोच्या इमारतींमागच्या रानात एक रानडुकरीण आणि तिची पट्टेरी पिल्लं होती. तिथेच रोज सकाळी एक तरुण झुडपांत वाकलेला दिसायचा. कोणी आलं की घाईघाईनं पिशवी मिटायचा.

"फासे लावतोय मेला," मी एकदा मराठीतच पुटपुटले.

"नाही हो काकू, लोकांनी टाकलेला पाव उचलतोय," तो चक्क मराठीत म्हणाला. मी ओशाळले, तरी पिशवीत डोकावलेच. पावच होता.

माणसानं जनावरं कशी माणसाळवली, यावर तो विद्यापीठात संशोधन करत होता. "अश्मयुगातली डुकरंही बहुधा अशीच उष्ट्याच्या वासानं वस्तीपाशी आली असतील. आधी भीती गेली, मग कुंपण आलं, मग सुरी." मग माझ्या हातातल्या डब्याकडे रोखून बघत त्यानं विचारलं, "काकू, डब्यात काय आहे?"

"गाईचा घास," मी म्हटलं. इथे गाय कुठली? पहिली पोळी त्या पिल्लांना घालायला निघाले होते.

त्याच्यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. पोळी मात्र परत आणली आणि चहाबरोबर मीच खाल्ली.