सतरा नंबरची व्याख्या

आमच्या इस्पितळात जी कॉम्प्युटर सांभाळते, तिला सगळे पोर्टताई म्हणतात. कुणी "पडदा बंद पडलाय" म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, "कितव्या पोर्टवर?" एकदा मी म्हणालो, डोकं दुखतंय, तर मलाही तिने तेच विचारलं.

तिचं राज्य म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला लोखंडी डबा. त्याच्या बत्तीस पोर्टांत खोचलेल्या वायरी बत्तीस टेबलांवरच्या जुन्या टर्मिनलांना, म्हणजे नुसत्या पडदा-कळफलकांना, जातात. प्रत्येक टर्मिनल एक नग! कुणाचा वेग किती, ओळीत अक्षरं किती, कोणती कळ दाबली की काय पाठवायचं, हे सगळं डब्याला शिकवावं लागतं. याला ती टर्मिनलची व्याख्या म्हणते. मी पडलो वायरमन. व्याख्या म्हटलं की मला शाळा आठवते.

पण सतरा नंबर मलाही पाठ आहे. तिथे, चौकशीच्या खिडकीत, काकू बसतात. त्यांना दिसत नाही. टर्मिनलला जोडलेल्या पट्टीवर ठिपके वर येतात, ते त्या बोटांनी वाचतात आणि पेशंट कुठल्या वॉर्डात आहे ते सांगतात. ती पट्टी बोलती करायला ताईने तीन महिने डोकेफोड केली होती. वायरिंग बदलायचं ठरलं तेव्हा साहेब म्हणाले, "वीज आल्यावर पट्टी चालली नाही तर काकूंना चादरींच्या घड्या घालायला पाठवू." माझं टाळकंच सटकलं. पण वीज बंद करणारा मीच, बोलणार कुणाला?

ठरल्या दिवशी दुपारी बाराला त्याच खोलीतला मेन स्विच पाडायचा होता. पावणेबाराला ताई धावत आली.

"दादा, थांब! डब्याची कायमची मेमरी कधीच भरलीय. सतराची व्याख्या नुसती चालू मेमरीत आहे. वीज गेली की तीही गेली!"

"तीन महिने राबलीस आणि कुठे उतरवून ठेवलं नाहीस?"

"डबा कधी बंदच झाला नाही रे!"

हुशार माणसांचं हे असं! आता उपाय एकच, सगळ्या व्याख्यांची फाइल वरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवायची. तिने हुकूम दिला. उत्तर आलं, परवानगी नाही. पुन्हा दिला, पुन्हा तेच. नाव तपासलं, पत्ता तपासला, सगळं बरोबर. माझा जीव टांगणीला लागला. बाहेरून ठेकेदार ओरडला, "अहो, बारा वाजले!"

"तुमचं घड्याळ पुढे आहे!" मी ठोकून दिलं.

तेवढ्यात ताईने कपाळावर हात मारला आणि खो खो हसायला लागली. मला वाटलं, झालं, पोरगी कामातून गेली.

"अरे, तो कॉम्प्युटर नवी फाइल घेतच नाही! त्याच नावाची रिकामी फाइल आधी तिथे असावी लागते, कुणालाही लिहिता येईल अशी. पानच मांडलं नाही तर पाहुणा बसेल कुठे?"

तिने रिकामी फाइल तयार केली, परवानगी खुली केली आणि तिसऱ्यांदा हुकूम दिला. पडद्यावर आकडे पळू लागले.

"चढतेय! दादा, चढतेय!"

मीही मेनच्या दांड्यावर हात ठेवून जागच्या जागी उड्या मारत होतो. माझ्या वयाला ते शोभत नाही, पण मारल्या. आकडे थांबले. तिने फाइल उघडून खालपर्यंत पाहिली. "सतरा आहे! पाड!" मी मेन पाडला तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

साडेतीनला वीज आली. डब्याने फाइल परत ओढून घेतली आणि आम्ही दोघं खिडकीकडे पळालो. रांग दारापर्यंत गेली होती. चादरींकडे जावं लागलंच तर म्हणून काकूंनी पिशवी भरून मांडीवर घेतली होती. एक माणूस घाबऱ्या आवाजात आईचं नाव सांगत होता. काकूंनी ते टाइप केलं आणि पट्टीवर बोटं ठेवली. बोटं सरकली, थांबली, पुन्हा मागे आली. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"वॉर्ड पाच, खाट अकरा," काकू म्हणाल्या. "सरळ जाऊन डावीकडे. धावू नका, तिथली फरशी ओली असते."

तो धावतच सुटला. काकूंनी मांडीवरची पिशवी टेबलाखाली ठेवली.

"पुढे कोण आहे? या."